बुजऱ्या आणि चावऱ्या हॅमस्टरला माणसाळवायचं कसं

नवा हॅमस्टर घरी आला, पोरं खूश, आणि पहिल्याच संध्याकाळी कौतुकाने कुणीतरी आत हात घातला की कचकन चावतो, बोटातून रक्त येतं आणि मग घरभर एकच सूर लागतो की हा चावराच निघाला, परत देऊन दुसरा आणा. थांबा जरा. मुळात चावरा असा हॅमस्टर फार क्वचित असतो, बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो आणि चावायच्या आधी त्याने बरंच काही सांगून बघितलेलं असतं. तो जागच्या जागी गोठतो, कान मागे पाडतो, घरट्यात पळतो, दात कटकट वाजवतो, कधी कधी पाठीवर पडून पंजे वर करून किंचाळतो सुद्धा, आणि आपला हात मात्र पुढे पुढेच जात राहतो, मग बिचाऱ्याकडे दातांशिवाय उरतं काय. म्हणून आख्ख्या प्रकरणाची किल्ली एकच, हात जवळ येऊ द्यायचा की नाही हे त्याला ठरवू द्या. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच्यातूनच निघालेलं आहे.

आधी त्याच्या बाजूने बघू. सीरियन हॅमस्टर पूर्ण वाढला तरी साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम, ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातींचा हॅमस्टर तर त्याच्या निम्मासुद्धा नाही, आणि रानात याला खायला टपलेले खूप, त्यात घुबडं आणि शिकारी पक्षी वरून झडप घालतात. आता आपण काय करतो, केजचं झाकण उघडून वरून हात खाली नेतो. त्याच्या दृष्टीने ते काय असेल विचार करा. त्यात नजर कमजोर, लांबचं सगळं धूसर आणि खोलीचा अंदाज जवळपास नाहीच, म्हणून टेबलाच्या कडेवरून हे सरळ चालत खाली पडतात. नाक आणि कान मात्र भन्नाट, आपल्याला ऐकू येत नाहीत असे बारीक आवाजही त्याला येतात. म्हणजे तुम्ही प्रेमाने हसताय की रागावलाय हे त्याला दिसत नाही, त्याला कळतो तो फक्त वास, आवाज आणि जमिनीची थरथर.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पाळीव सीरियन हॅमस्टर ही काही फार जुनी भानगड नाही. १९३० साली अलेप्पोजवळ इस्रायल अहरोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या मोहिमेत एक मादी आणि तिची पिल्लं बिळातून खणून काढली गेली आणि आज घरोघरी असलेले बहुतेक सगळे सीरियन त्यांचेच वंशज धरले जातात. कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहतोय, याला शंभर वर्षं पण झालेली नाहीत, त्यामुळे रानातली घाबरट वृत्ती तशीच शाबूत आहे, ती असणारच.

कुठला चावा कशाचा

सगळे चावे सारखे नसतात आणि हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. बोटाला हलकेच दात लावून सोडून दिलं, रक्त नाही काही नाही, तर तो फक्त चाचपणी करतोय की हे खायचं आहे का. हाताला खाण्याचा वास असेल तर हे होणारच, त्याला चावा म्हणूच नका, हात धुवा आणि पुढे चला. भीतीचा चावा वेगळा, तो झटक्यात येतो, खोल जातो आणि कधी कधी तो सोडतही नाही, बोटाला लटकून राहतो. तिसरा प्रकार म्हणजे केजमध्ये हात गेला की धावून येऊन चावणं पण बाहेर काढला की एकदम गरीब. ही आपल्या जागेची राखण आहे, कॅम्पबेल जातीच्या ड्वार्फमध्ये हे जास्त दिसतं आणि केज लहान असेल तर कुठल्याही हॅमस्टरमध्ये दिसू शकतं. चौथा म्हणजे कंटाळ्याचा, हातात घेऊन बराच वेळ झालाय, तो सारखा सुटायला बघतोय, आधी हळू चावतो, मग अजून थोडं जोरात, तेव्हा समजायचं की साहेबांची वेळ संपली, खाली ठेवा.

आणि पाचवा, जो लोकांच्या लक्षातच येत नाही, दुखण्याचा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

मादी असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. सीरियन मादी साधारण दर चार दिवसांनी माजावर येते आणि त्या रात्री ती चिडचिडी असू शकते, काल शांत होती आज काय झालं असं वाटलं तर हे कारण असू शकतं. दुसरं म्हणजे दुकानात नर मादी एकत्र ठेवलेले असतील तर आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. सीरियनचा गर्भकाळ जेमतेम १६ ते १८ दिवसांचा असतो, तेव्हा ती एकदम भरपूर घरटं करायला लागली, पोट दोन्ही बाजूंनी फुगलं आणि जवळ गेलं की अंगावर यायला लागली तर माणसाळवायचं सगळं बंद ठेवा, खाणं पाणी द्या आणि लांब राहा. पिल्लं झाल्यावर डोकावून ढवळाढवळ केली तर ती घाबरून पिल्लं मारू शकते.

आधी घर नीट, मग हात

हे लोकांना कंटाळवाणं वाटतं, पण माझं स्पष्ट मत आहे की निम्मे चावे केजमुळे होतात. रंगीत प्लास्टिकच्या नळ्या लावलेला छोटासा पिंजरा, तळाला दोन बोटं भुसा आणि एक पिटुकलं चाक, यात कुठलाही हॅमस्टर वेडापिसा होणार. सळया चावत बसणं, एकाच कोपऱ्यात खरवडत राहणं, त्याच त्या जागी फेऱ्या मारणं, ही सगळी ताणाची लक्षणं आहेत आणि ताणातल्या प्राण्याला तुम्ही कितीही बिया खायला घाला तो विश्वास ठेवणार नाही.

जागा म्हणाल तर निदान १०० बाय ५० सेंटीमीटरचा सलग तळ हवा, मजले करून भरपाई होत नाही. कागदी बेडिंग (तळाला घालायचं अंथरूण) किंवा ॲस्पेन लाकडाचा भुसा निदान २० ते २५ सेंटीमीटर खोल घाला, अजून खोल जमलं तर उत्तमच, कारण याला बीळ खणायला मिळालं की तो निम्मा शांत होतो. देवदार आणि पाईनचा वासाचा भुसा नको, श्वासाला त्रास होतो. आणि ती कापसासारखी मऊ फ्लफी बेडिंग मिळते ना ती अजिबात नको, तिचे धागे पायाला गुंडाळले जातात आणि पोटात गेले तर अडकतात, त्यापेक्षा साधा बिनवासाचा टिशू पेपर फाडून द्या, तो आवडीने घरटं करतो. चाक सीरियनला साधारण २८ सेंटीमीटर आणि ड्वार्फला २० च्या आसपास, आतून सलग पृष्ठभागाचं, दांड्यांचं नको, पळताना पाठ वाकडी होत असेल तर चाक लहान आहे. लपायला दोन तीन जागा, एक वाळूचं भांडं (वाळूच हवी, पावडर नको, ती फुप्फुसात जाते), झालं.

अजून एक, केजमध्ये एकच हॅमस्टर. सीरियन एकटाच राहतो, दुसरा असला तर एकमेकांना मारून टाकेपर्यंत भांडतात, आणि दुकानात सांगतात की जोडी असली की करमतं ते ऐकू नका.

केज टीव्हीशेजारी, दाराच्या येण्याजाण्यात किंवा घरातलं मांजर जिथून टक लावून बघेल अशा जागी ठेवू नका. जमिनीपेक्षा जरा उंचावर ठेवली तर बरं, म्हणजे तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहत नाही, समोरून दिसता.

पहिला आठवडा काहीच करायचं नाही

हे सगळ्यात अवघड, कारण नवीन प्राणी आणलाय आणि हात लावायचा नाही म्हणजे काय. पण त्याची वासाची दुनिया एका दिवसात पालटलेली असते, दुकान गेलं, भावंडं गेली, डब्यात घालून हलवत आणलं, आता हे सगळं अनोळखी. सुरुवातीचे काही दिवस खाणं पाणी द्या, घाण झालेला कोपरा तेवढा साफ करा आणि बाकी त्याच्या नादाला लागू नका. तो बीळ खणेल, खाणं गालात भरून नेऊन साठवेल, सीरियन कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी आणि ड्वार्फ पोटावरची ग्रंथी घासून आपला वास सगळीकडे लावेल, तेव्हा कुठे ते त्याचं घर होतं. म्हणून तर दर आठवड्याला आख्खी केज धुवून चकाचक करायची सवय असेल तर ती सोडा, त्याने लावलेला वास तुम्ही पुसून टाकता आणि तो परत पहिल्यासारखा बिथरतो. साफ करायचंच झालं तर थोडी थोडी बेडिंग बदला आणि जुन्यातली बरीचशी तशीच ठेवा.

या दिवसात एकच काम करा, संध्याकाळी तो उठला की केजजवळ बसून हळू आवाजात बोला. काय बोलताय याला महत्त्व नाही, फोनवर गप्पा मारा, पुस्तक मोठ्याने वाचा, अभ्यास म्हणा, फक्त आवाज रोजचा आणि सारखा हवा. आणि तुमच्या हाताचा वास त्याला घरबसल्या मिळू द्या, त्याची युक्ती अशी की साध्या टिशूचा तुकडा थोडा वेळ हातात चोळून, किंवा झोपताना कपड्यात ठेवून, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरट्याजवळ टाकायचा. तो फाडून घरट्यात घेऊन गेला की तुमचा वास त्याच्या अंथरुणात गेला, हात न लावता झालेलं हे सगळ्यात मोठं काम.

कधी पुढे जायचं ते तारखेवर ठरवू नका, त्याच्याकडे बघून ठरवा. तुम्ही बसलेले असताना तो बाहेर येऊन खातो, अंग चाटत बसतो, जांभई देऊन लांबलचक आळस देतो, तर तो निवांत आहे. तुम्ही हललात की बिळात गडप होतो तर अजून थांबा. एक फसवणारी खूण पण आहे, दचकल्यावर काही हॅमस्टर एकदम घाईघाईने तोंड पुसायला लागतात, ते निवांतपणाचं नव्हे, गडबडल्याचं लक्षण असतं. निवांत असला की सगळं अंग सावकाश चाटतो, गडबडीतला नुसता भराभर तोंडावरून पंजे फिरवतो.

पहिल्यांदा हात

हात बिनवासाच्या साबणाने धुवा आणि नीट खळखळून धुवा, खाण्याचा वास नको, क्रीम सेंट नको, आणि दुसऱ्या हॅमस्टरला हात लावून तर मुळीच येऊ नका. वेळ त्याची, म्हणजे संध्याकाळ किंवा रात्र. दिवसा झोपलेल्याला घरट्यातून उकरून काढणं म्हणजे चावा मागून घेणं आहे, आणि शाळेतून आल्यावर चार वाजता पोरांना खेळायचं असतं हा त्याचा प्रॉब्लेम नाही.

हात वरून न्यायचा नाही. बाजूने, जमिनीलगत, तळवा वर करून, बोटं सरळ आणि जुळलेली, आणि त्याच्यापासून लांब, केजच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. आणि मग काहीच करायचं नाही. बोटं वळवळली की ती त्याला खाण्याची वस्तू वाटतात किंवा शत्रू, दोन्ही वाईट. पाच दहा मिनिटं हात दगडासारखा ठेवायचा, मुंग्या येतात, येऊ देत. तो आला नाही तरी हरकत नाही, हात तितकाच हळू बाहेर काढायचा, उद्या परत.

मग बी. सूर्यफुलाची नाहीतर भोपळ्याची बिनमिठाची बी घ्या, लांबुळकी असते म्हणून बोट आणि दात यांच्यात अंतर राहतं. बुजऱ्याला चमच्यातून द्यायला सुरुवात करा, लांब दांड्याचा चमचा, त्यात बी, रोज चमच्यावर जरा पुढे पकडायचं, शेवटी चमचा काढून तळहातावर बी. वाळवलेले मीलवर्म (एका किड्याच्या अळ्या), काकडीचा बारीक तुकडा हे पण चालतं, पण केजच्या सळयांमधून बोट घालून खाऊ देऊ नका, नाहीतर सळीतून जे येतं ते खायचं हा धडा तो शिकतो आणि मग पाहुण्यांच्या पोराचं बोट गेलंच म्हणून समजा. ड्वार्फला फळं आणि गोड अगदी कमी, त्यांच्यात मधुमेह होतो. लसूण, कांदा, चॉकलेट, लिंबू संत्र्यासारखी आंबट फळं कुणालाच नाही.

पहिल्यांदा तो येतो तेव्हा बघण्यासारखं असतं. आधी नुसतं नाक बिळाबाहेर, मिशा थरथरतायत, मग पुढचा अर्धा हॅमस्टर बाहेर येतो आणि ताणून ताणून लांब होतो, मागचे दोन पाय मात्र बिळाच्या तोंडातच रोवलेले, म्हणजे काही झालं की मागे सटकता यावं. तळहाताच्या कडेला एक पंजा टेकवतो, काढून घेतो, परत टेकवतो, बोटाचं टोक हुंगतो, कदाचित दात लावून बघतो, इथे श्वास रोखून बसा पण हात ओढू नका, मग बी उचलतो, गालात कोंबतो आणि धूम. इतकंच. त्यावर खूश होऊन दुसरी बी घेऊन त्याच्या बिळात हात घालू नका. बिळात आणि घरट्यात हात कधीच नाही, ती त्याची हक्काची जागा आहे आणि तिथे कुणी येत नाही ही खात्री असली तरच तो बाहेर येण्याचं धाडस करतो.

असं होत होत तो बी घेऊन पळून न जाता तिथेच बसून खायला लागतो, मग पुढचे दोन पाय हातावर, मग बी मनगटाकडे ठेवली की चारही पाय हातावर. चार पाय वर आले म्हणून लगेच उचलायचं नाही. हात किंचित, एक बोटभर वर, परत खाली. तो उतरला तर उतरू दे. बऱ्याच जणांचं इथेच बिघडतं, इतके दिवस धीर धरला आणि आता आलाच आहे हातावर तर उचलून बाहेर काढतो असं होतं, आणि तो उडी मारून पडतो आणि परत पहिल्यापासून सुरू. उचलायची वेळ आली की दोन्ही हातांची ओंजळ करून खालून उचला, छातीजवळ धरा, आणि सुरुवातीला स्वतः जमिनीवर बसा म्हणजे उडी मारली तरी फूटभरच पडेल. मानेची कातडी धरून उचलायचं वगैरे डॉक्टरांवर सोडा, घरी नाही, त्याच्या गालाच्या पिशव्या खांद्यापर्यंत मागे गेलेल्या असतात आणि असं पकडल्यावर त्याला आपण शिकार झालो असंच वाटतं.

मग उचलून न्यायचं कसं, कप

तोवर केज साफ करायची आहे, त्याला हलवायचंय, आणि तो हाताला चावतो, तर काय करायचं. हातमोजे घालू नका, जाड मोज्यात आपल्याला किती दाब पडतोय ते कळत नाही, आणि मोज्याची सवय झाली तरी हाताची होत नाही. त्यापेक्षा एक रुंद कप किंवा जाड पुठ्ठ्याची नळी घ्या, तोंड त्याच्यासमोर करून आडवी ठेवा, आत एक बी. यांना बोगदा दिसला की शिरल्याशिवाय राहवत नाही. शिरला की हळूच तोंडावर हात ठेवून उचला. कप नेहमी तोच वापरा, थोड्याच दिवसात कप दिसला की स्वतःहून येऊन बसतो. मला विचाराल तर कप ही माणसाळवण्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे, यात त्याची मर्जी पण राहते आणि तुमची बोटं पण.

जे केजमध्ये हातावर धावून येतात त्यांच्यासाठी तर हाच रस्ता. केजच्या आत त्यांच्याशी ओळख करायच्या फंदात पडू नका, खाणं साफसफाई सगळं तो बाहेर असताना करा, आणि ओळख बाहेर करा. बाथटब असेल तर कोरडा करून, ड्रेनचं भोक बंद करून, तळाला टॉवेल टाका, नसेल तर पुठ्ठ्याची पुरेशी उंच भिंत करून जमिनीवर अंगण तयार करा. त्यात लपायचं घर, थोडी त्याच्या केजमधली जुनी बेडिंग, वाळूचं भांडं, आणि तुम्ही. पाय पसरून बसायचं, मोबाईल बघत बसा हवं तर, त्याच्या मागे हात घेऊन फिरायचं नाही. तो येतो, पँट हुंगतो, पायावर चढतो, उतरतो, परत चढतो. तुम्ही म्हणजे एक मोठं गरम फर्निचर आहात ज्यावर बिया उगवतात, एवढीच त्याची समजूत व्हायला हवी. वेळ थोडाच ठेवा, दहा पंधरा मिनिटं, कोपऱ्यात खरवडत सुटायला बघत असेल तर आजचं पुरे. रोबोरोव्हस्की नावाची छोटी ड्वार्फ जात असेल तर हे अंगणच त्याची शेवटची पायरी समजा, रोबो सहसा चावत नाहीत पण हातात थांबतही नाहीत, पाण्याच्या थेंबासारखे निसटतात.

चावलाच तर

हात झटकायचा नाही. माहितीये, सांगणं सोपं आहे. पण झटकला की दोन गोष्टी होतात, एक तर तो उडून पडतो आणि पाय मोडतो किंवा त्याहून वाईट, आणि दुसरं म्हणजे दात आत असताना ओढल्याने जखम फाटते. लटकलाच असेल तर हात खाली नेऊन त्याचे पाय जमिनीला टेकवा, पायाखाली आधार आला की बहुतेक जण लगेच सोडतात. ओरडू नका, तोंडावर फुंकर मारू नका, टिचकी नाही, शिक्षा म्हणून केजमध्ये ढकलणं नाही. त्याला शिक्षा कळत नाही, कळतो फक्त हा हात वाईट आहे हा निष्कर्ष, जो त्याने आधीच काढलेला आहे.

त्याच वेळी लगेच उचलून केजमध्ये ठेवलं तर चावलं की सुटका होते हे पण तो शिकतो. म्हणून शक्य असेल तर तो शांत होईपर्यंत काही क्षण तसंच थांबा, मग ठेवा. आणि रक्त येत असेल तर हे सगळं तत्त्वज्ञान राहू द्या, ठेवा आणि हात धुवायला जा. पुढच्या वेळी ज्या पायरीवर चावला त्याच्या एक पायरी मागून सुरू करा.

जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली चांगली बराच वेळ धुवा, अँटिसेप्टिक लावा, दात बारीक पण लांब असतात त्यामुळे भोक दिसतं छोटं आणि जातं खोल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारा. पिंजऱ्यात वाढलेल्या हॅमस्टरमुळे रेबीज होण्याची शक्यता नगण्य असते, पण चावा कुठलाही असो, खोल असेल तर डॉक्टरांना दाखवून त्यांनाच ठरवू द्या. जखम लाल होऊन सुजली, गरम लागायला लागली, पू आला, ताप आला तर लगेच. आणि फार क्वचित काही जणांना हॅमस्टरच्या लाळेची जोरदार ॲलर्जी असते, चावल्यावर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. घरात कुणी गरोदर असेल तर त्यांनी हॅमस्टर हाताळू नये आणि केजही साफ करू नये, उंदीर हॅमस्टरकडून येणारा एलसीएमव्ही नावाचा विषाणू पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो.

माणसाळलेला अचानक चावायला लागला तर

हा तो पाचवा प्रकार. महिनोन्‌महिने हातावर खेळणारा एक दिवस चावतो तेव्हा स्वभाव बदलला म्हणून सोडून देऊ नका, काहीतरी दुखतंय असं धरून चाला. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते वाकडे वाढून तोंडात टोचतात (पिवळे नारिंगी असणं नॉर्मल आहे, पांढरे व्हायला हवेत असं काही नाही). गालाच्या पिशवीत काहीतरी अडकून पू होतो, एक गाल सतत फुगलेला दिसतो. अंगावर गाठ, खाज, केस जाणं, डोळा चिकटलेला, चाल बदललेली, वजन कमी झालेलं. म्हणून आठवड्यातून एकदा स्वयंपाकाच्या नको, वेगळ्या छोट्या वजनकाट्यावर कपासकट ठेवून वजन लिहून ठेवायची सवय फार कामाची, कपात बसायची सवय इथेही उपयोगाला येते. शेपटीभोवती ओलं, घाण वास, गळून बसलेला असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. वेट टेल म्हणतात त्याला, नवीन आणलेल्या पिल्लांमध्ये ताणामुळे होतो आणि एक दोन दिवसात जीव जाऊ शकतो. छोटे प्राणी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कुत्र्या मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना हॅमस्टर बघायची सवय नसते.

म्हातारपणाचंही तसंच, सीरियन दोन ते तीन वर्षं जगतो, दीड दोन वर्षांनंतर दिसणं ऐकणं कमी होतं आणि मग तो जास्त दचकतो. जवळ जायच्या आधी आवाज द्या, हात दिसेल आणि वास येईल असा समोर थांबवा.

पोरांबद्दल थोडं. लहान मुलांची बोटं वळवळतात, आवाज चढतो, घट्ट पकडतात, आणि चावला की हात झटकतात, म्हणजे वर जे जे करू नका म्हटलं ते सगळं. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांच्या हातात हॅमस्टर देऊच नये असं मी म्हणेन, मोठं माणूस शेजारी बसलेलं असलं तरी नाही, त्यांना कपातून बी खाऊ घालू द्या, बघू द्या, बीळ कुठे खणलंय त्याचं चित्र काढू द्या. जबाबदारी शिकावी म्हणून मुलाला हॅमस्टर आणून देतात, पण माणसाळवायचं काम घरातल्या मोठ्यालाच करावं लागतं.

किती दिवस लागतील हे कुणी विचारलं तर एक आकडा नाही. लहानपणापासून माणसाच्या हाताची सवय असलेलं पिल्लू आठवडा दोन आठवड्यात हातावर बसतं, दुकानात गर्दीत वाढलेलं आणि जबरदस्तीने पकडलेलं महिना दोन महिने घेतं, आणि काही तर कधीच हातात बसायला राजी होत नाहीत. तसल्याला सोडून द्यायचं नाही आणि जबरदस्तीही नाही. खोल बेडिंग, मोठं चाक, खाणं एका भांड्यात न देता केजभर विखरून आणि लपवून, रात्री दिवा मंद करून त्याचं ते शोधत फिरणं बघत बसा. कपात मात्र तोही बसायला शिकतो, आणि साफसफाईला, डॉक्टरकडे न्यायला, वजन करायला तेवढं पुरतं.